शुभवर्तमान, रॉक-संगीतिका आणि तिसरा दिवस

१

पवित्र कथेने लोकप्रिय कलाप्रकाराचे रूप धारण केले म्हणजे वाद उद्भवतो, हा अनुभव कोणत्याही एका धर्माचा वा एका शतकाचा नाही. हँडेलची ‘मसाया’ ही संगीतकृती १७४२ साली डब्लिन येथे प्रथम सादर झाली. पुढील वर्षी ती लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात आली, तेव्हा नाटकगृहात आणि नटनटींच्या मुखाने देववचनाचे गायन व्हावे हे उचित आहे काय, असा प्रश्न तेथील नियतकालिकातून जाहीरपणे विचारला गेला. आज तीच कृती इंग्रजीभाषक ख्रिस्ती समाजाच्या नाताळाचे एक अंग होऊन बसली आहे. अशा उदाहरणांवरून, प्रत्येक पिढी नव्या कलाप्रकाराला पाखंड म्हणते आणि पुढची पिढी त्यालाच परंपरा मानते, असा सोयीस्कर सिद्धान्त मांडला जातो. त्यात काही तथ्य अवश्य आहे. परंतु वाद शमला म्हणजे वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न सुटला, असे मात्र होत नाही.

१९७० आणि १९७१ या दोन वर्षांत पुढे आलेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ आणि ‘गॉडस्पेल’ या दोन रॉक-संगीतिकांसंबंधी ख्रिस्ती जगात ज्या परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटल्या, त्यांचा विचार या दृष्टीने उद्बोधक ठरतो. या प्रतिक्रियांचे स्पष्टीकरण बहुधा वृद्ध विरुद्ध तरुण किंवा ऑर्गन विरुद्ध विद्युत-गिटार अशा द्वंद्वांत केले जाते. वस्तुतः मतभेदाची रेषा वयातून वा वाद्यांतून गेलेली नव्हती. एकाच पंथातील, एकाच श्रद्धासूत्राचे उच्चारण करणारी माणसे या रेषेच्या दोन्ही बाजूंस उभी होती. त्यांच्यात खरा भेद होता तो शुभवर्तमान हा कोणत्या जातीचा ग्रंथ आहे आणि त्यातील कथा कोठे पूर्ण होते, या प्रश्नाविषयी. हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, तितकाच साहित्यशास्त्राचाही आहे.

२

या कृतींपूर्वीची इंग्रजी रंगभूमीची स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मध्ययुगात यॉर्क, वेकफील्ड आदी नगरांतून कारागिरांच्या संघांनी बायबलातील प्रसंगांची नाट्यमाला रस्त्यारस्त्यांवर उभी केली होती, आणि तीत विनोदालाही मज्जाव नव्हता. धर्मसुधारणेच्या काळात ही परंपरा लुप्त झाली. पुढे लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याच्या परिनिरीक्षणाखाली ख्रिस्ताला पात्र म्हणून व्यावसायिक रंगमंचावर आणणे जवळजवळ अशक्यच होते. डोरोथी सेअर्स यांची ‘द मॅन बॉर्न टू बी किंग’ ही श्रुतिकामाला बीबीसीने १९४१–४२ मध्ये प्रसारित केली, त्या वेळी येशूच्या तोंडी रोजच्या बोलीतील भाषा घातली जाणार या नुसत्या वार्तेनेच गहजब उडाला आणि तो पार्लमेंटपर्यंत पोहोचला. १९६८ च्या नाट्यगृहविषयक कायद्याने हे परिनिरीक्षण संपुष्टात आले. म्हणजे इंग्लंडमधील दोन तरुणांनी ख्रिस्ताच्या अखेरच्या सात दिवसांवर संगीतिका रचण्यास घेतली तेव्हा रंगभूमीचे दार उघडून जेमतेम वर्ष लोटले होते.

हे दोघे म्हणजे संगीतकार अँड्रयू लॉइड वेबर आणि गीतकार टिम राइस. १९६९ साली त्यांनी केवळ एक गीत ध्वनिमुद्रित केले. त्या तबकडीच्या वेष्टनावर लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचे डीन मार्टिन सलिव्हन यांनी, ज्यांना हे ऐकून धक्का बसेल त्यांनी ते पुन्हा ऐकावे व विचार करावा, अशा आशयाचे आवाहन केले होते. प्रतिक्रियांच्या इतिहासातील अगदी पहिला शब्द अशा रीतीने एका धर्माधिकाऱ्याचा होता, आणि तो अनुकूल होता, ही गोष्ट सामान्यतः विसरली जाते. संपूर्ण संगीतिकेची ध्वनिमुद्रिका १९७० च्या ऑक्टोबरात निघाली. इंग्लंडने तिची फारशी दखल घेतली नाही. अमेरिकेत मात्र ती १९७१ सालची सर्वाधिक खपाची ध्वनिमुद्रिका ठरली. त्याच सुमारास तेथे ‘येशू चळवळ’ या नावाने ओळखला जाणारा युवकांचा भक्तिप्रवाह जोरात होता. चर्चच्या युवकमंडळांनी ध्वनिमुद्रिकेचे सामुदायिक श्रवण योजले, तिच्यावर प्रवचने झाली. ठिकठिकाणी अनधिकृत प्रयोगही इतके झाले की निर्माते रॉबर्ट स्टिगवुड यांना न्यायालयात धाव घ्यावी लागली. १२ ऑक्टोबर १९७१ रोजी ब्रॉडवेवरील मार्क हेलिंजर नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, तेव्हा दारात निषेधाचे फलक घेतलेले ख्रिस्ती होते आणि यहुदीही होते.

३

ख्रिस्ती आक्षेपांचे चार थर पडतात. पहिला आक्षेप संगीताच्या जातीसंबंधी होता. रॉक संगीताशी अमली पदार्थ, स्वैराचार आणि बंडखोरी यांचे साहचर्य जडलेले असल्यामुळे ते पवित्र आशय वाहून नेण्यास अपात्र आहे, असे अमेरिकेतील कट्टर प्रॉटेस्टंट प्रचारक म्हणत. हा आक्षेप चारांत सर्वांत दुबळा होता, कारण तो कृती न ऐकताही घेता येत असे. शिवाय सुवार्ताप्रसारक पंथांनी स्वतःच अल्पकाळात रॉकच्या चालीवर भक्तिगीते रचून तो निरुत्तर केला. प्रत्यक्षात राइस व वेबर यांनी संगीताचा उपयोग विवेकाने केला आहे. येशू आणि यहूदा यांच्या संघर्षाला रॉकचा तार स्वर आहे, मग्दालीया मरीयेला संथ प्रेमगीताची चाल आहे, आणि हेरोद राजाला जुन्या करमणूकप्रधान रंगमंचावरील रॅगटाइमची थिल्लर लय दिली आहे. ही लयच त्या राजावरील भाष्य आहे.

दुसरा आक्षेप मरीयेच्या प्रेमगीतासंबंधी होता. येशूविषयी एका स्त्रीच्या मनात संभ्रमयुक्त अनुराग दाखविणे अनेकांना असह्य झाले. येथे विरोधक आणि रचनाकार दोघेही एकाच जुन्या समजुतीच्या आधीन होते. मग्दालीया मरीया ही पतिता होती, असे कोणत्याही शुभवर्तमानात म्हटलेले नाही. लूकने वर्णिलेल्या अनामिक पापिणीशी तिची सांगड सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिले ग्रेगरी यांच्या प्रवचनाने पक्की झाली, आणि शतकानुशतकांची ख्रिस्ती चित्रकला तिच्यावरच पोसली. संगीतिकेने परंपरेचा भंग केला असे ज्यांना वाटले, त्यांना ती येथे परंपरेचेच अनुसरण करीत आहे हे जाणवले नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर होता: संगीतिकेतील येशू केवळ माणूस आहे. तो थकतो, चिडतो, रोग्यांच्या गर्दीने गुदमरतो, गेथशेमाने बागेत पित्याशी वाद घालतो. रचनाकारांनीही आपण त्याच्याकडे देव म्हणून नव्हे तर माणूस म्हणून पाहिले, असे मोकळेपणाने सांगितले होते. यावर अनुकूल मताच्या धर्मवेत्त्यांचे उत्तर विचारार्ह आहे. इ. स. ४५१ च्या कॅल्सेडन येथील परिषदेने ख्रिस्त पूर्णपणे देव आणि पूर्णपणे मानव असल्याचे ठरविले. परंतु व्यवहारातील भक्ती या सूत्राचा उत्तरार्ध विसरत आली आहे. देवाने मानवाचे नुसते सोंग घेतले, हे मत चर्चने फार पूर्वी पाखंड ठरविले असले तरी रंगीत काचेतील सौम्य, निर्विकार येशू त्याच मताचा पुरस्कार करतो. त्या दृष्टीने गेथशेमानेतील आक्रोश ही तोल सावरणारी गोष्ट ठरते. विरोधकांचे प्रत्युत्तर असे, की एका बाजूने ढळलेला तोल दुसऱ्या बाजूला ढकलून सावरत नाही. दोन्ही पक्ष एकाच सूत्राचा आधार घेत होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

यहूदाचे चित्रण या आक्षेपाशी निगडित आहे. लूकच्या मते सैतान त्याच्यात शिरला. योहानाच्या मते तो चोर होता. संगीतिकेत तो द्रव्यासाठी विश्वासघात करीत नाही. चळवळ हाताबाहेर जाईल आणि रोमन सत्ता साऱ्या लोकांना चिरडील, या भीतीने तो ग्रासलेला आहे. हा हेतू कपोलकल्पित वाटला तरी तो शुभवर्तमानातूनच उचललेला आहे. योहानाच्या अकराव्या अध्यायात हाच युक्तिवाद महायाजक कयफा करतो. कयफाची राजनीती यहूदाच्या अंतःकरणात नेऊन ठेवणे, ही संगीतिकेतील कदाचित सर्वांत मर्मग्राही कल्पना आहे.

चौथा आक्षेप पुनरुत्थानाच्या अभावाचा. संगीतिका क्रूसावर संपते. शेवटच्या वाद्यखंडाचे नाव योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील एकेचाळिसाव्या ओवीवरून ठेवले आहे. त्या ओवीत बागेचा आणि नव्या थडग्याचा उल्लेख आहे. पुनरुत्थान विसाव्या अध्यायात येते. म्हणजे रचनाकार नेमके त्या उंबरठ्यावर थांबले आहेत. याउलट मृत्यूनंतर रंगमंचावर परत येतो तो यहूदा, आणि तोच शीर्षकगीतातून येशूला प्रश्नांवर प्रश्न विचारतो. बिली ग्रॅहम यांसारख्या सुवार्ताप्रसारकांनी ही कृती ईशनिंदेच्या सीमेवर असल्याचे म्हटले. एपिस्कोपल धर्मगुरू माल्कम बॉइड हे स्वतः नवमताचे व धीट लेखक. पण ब्रॉडवेवरील भपकेबाज प्रयोग पाहून त्यांनाही त्यात आत्मा आढळला नाही. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीने तर या कृतीस धर्मविरोधी ठरवून तिच्यावर बंदी घातली. ग्रॅहम, बॉइड आणि ती राजवट यांच्या नकारांचे हेतू एकमेकांपासून अत्यंत दूर होते. ‘ख्रिस्ती विरोध’ असा सरसकट शब्दप्रयोग किती फसवा आहे, हे यावरून दिसून येते.

४

पुनरुत्थानाच्या अभावाचा आक्षेप तपासताना एक अडचण पुढे येते. बाखचे मत्तयकृत शुभवर्तमानावरील ‘दुःखभोग-संगीत’ १७२७ साली लाइप्‌त्सिक येथे प्रथम झाले असे मानले जाते. तेही थडग्यापाशीच संपते. शिष्य अश्रू ढाळीत बसतात, मृताला विश्रांतीची प्रार्थना करतात, आणि संगीत थांबते. त्यात पुनरुत्थान नाही. तरीही ईशनिंदा म्हणून कोणी त्याकडे बोट दाखवीत नाही. मग जे बाखला क्षम्य तेच वेबरला अक्षम्य का?

याचे उत्तर संहितेत सापडत नाही, ते संहितेभोवतीच्या चौकटीत सापडते. बाखची कृती शुभ शुक्रवारच्या उपासनेसाठी होती. तिच्या दोन भागांच्या मध्ये प्रवचन होत असे, आणि श्रोते दोन दिवसांनी त्याच चर्चमध्ये पुनरुत्थानाच्या सणासाठी जमणार होते. कथेचा उरलेला भाग पंचांग पूर्ण करीत असे. कलाकृतीने सोडलेली जागा भरून काढण्याची जबाबदारी उपासनेच्या वर्षक्रमाने घेतली होती. नाट्यगृहाला असा वर्षक्रम नसतो. तेथे प्रयोग संपतो, दिवे लागतात, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तोच माणूस क्रूसावर चढतो. रंगभूमीला तिसरा दिवस नाही.

शुभवर्तमाने ही मुळात शेवटाकडून आरंभाकडे लिहिलेली कथने आहेत. ज्यांनी पुनरुत्थानावर विश्वास ठेवला त्यांनीच, त्या विश्वासाच्या प्रकाशात, आधीच्या घटना सांगितल्या. वाचकाने विश्वास ठेवावा याच हेतूने आपण लिहीत आहोत, असे योहान स्पष्ट सांगतो. आणि ख्रिस्त उठला नसेल तर सारा उपदेश व्यर्थ आहे, असे पौल म्हणतो. प्राचीनतम प्रतींमध्ये मार्कचे शुभवर्तमान भयभीत स्त्रियांच्या पलायनावर अकस्मात तुटते, ही गोष्ट संगीतिकेच्या समर्थनार्थ पुढे करता येईल. परंतु तेथेही थडगे रिकामे आहे आणि तो उठला आहे, ही घोषणा पलायनापूर्वीच झालेली असते. तात्पर्य, पुनरुत्थान हा त्या कथनाचा केवळ शेवटचा प्रसंग नाही. ज्या स्थानावरून सारी कथा सांगितली जाते ते स्थानच तो आहे. ते काढून टाकले की घटना त्याच राहतात, पण निवेदक बदलतो. संगीतिकेत तो यहूदा झाला आहे.

असे असूनही ज्या सश्रद्ध श्रोत्यांना ही कृती भक्तिभावाने ओथंबलेली वाटली, त्यांची चूक झाली असे म्हणता येणार नाही. ते तिसरा दिवस आपल्या मनात घेऊनच नाट्यगृहात आले होते. यहूदाच्या प्रश्नांची उत्तरे त्यांच्यापाशी आधीच होती, म्हणून प्रश्न ऐकताना त्यांना धोका वाटला नाही; उलट आपल्याच श्रद्धेची तीव्रता त्यांना जाणवली. विरोध करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुसरा प्रेक्षक होता. चर्चशी नाते तुटलेला, शुभवर्तमान कधीच न वाचलेला हा तरुण जे पाहील तेच त्याला संपूर्ण वाटणार होते. दोन्ही पक्षांनी कृतीत जे पाहिले ते तीत होते. त्यांचा खरा वाद प्रेक्षक कोण, याविषयी होता.

५

‘गॉडस्पेल’च्या बाबतीत विरोध तुलनेने सौम्य राहिला, याचे कारणही याच विचारातून स्पष्ट होते. जॉन-मायकेल टेबेलॅक हा पिट्सबर्गच्या कार्नेगी-मेलन विद्यापीठातील नाट्यशास्त्राचा विद्यार्थी. १९७० च्या ईस्टरला तो तेथील कॅथीड्रलमध्ये गेला असता उपासना त्याला निर्जीव व घाईची वाटली. बाहेर पडताना त्याचा वेष पाहून पोलिसाने अमली पदार्थांसाठी त्याची झडती घेतली. थडग्यावरील धोंड दूर सारण्याऐवजी हे लोक तीवर आणखी धोंडे रचीत आहेत, अशी त्याची भावना झाली आणि त्यातून हे नाटक उभे राहिले. स्टीफन श्वार्ट्झ यांच्या संगीतासह ते १७ मे १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या चेरी लेन नाट्यगृहात आले. ‘सुपरस्टार’चा जन्म बाहेरून पाहणाऱ्याच्या कुतूहलातून झाला, ‘गॉडस्पेल’चा जन्म उपासकाच्या अपेक्षाभंगातून झाला.

हे नाटक मुख्यत्वे मत्तयाचे अनुसरण करते. दृष्टान्तांना त्यात अग्रस्थान आहे, गीतांचे शब्द पुष्कळसे एपिस्कोपल चर्चच्या स्तोत्रसंग्रहातून घेतले आहेत, आणि त्याचे सर्वांत लोकप्रिय गीत चिचेस्टरचे संत रिचर्ड यांच्या नावावर असलेल्या तेराव्या शतकातील प्रार्थनेवर आधारलेले आहे. येशूच्या मुखावर विदूषकाची रंगभूषा आहे. हार्वे कॉक्स या धर्मशास्त्रज्ञाने ‘द फीस्ट ऑफ फूल्स’ (१९६९) या ग्रंथात मांडलेली विदूषक-ख्रिस्ताची कल्पना तिच्यामागे आहे. आणि ख्रिस्तासाठी आपण मूर्ख ठरलो, हे पौलाचे वचन त्याहूनही मागे आहे. काहींना हा पोरखेळ वाटला. येशूचा अधिकार हरवून केवळ त्याचा गोडवा उरला आहे, असेही म्हटले गेले, आणि ही टीका निराधार नाही.

पण पुनरुत्थान ‘गॉडस्पेल’मध्येही दाखविलेले नाही. शेवटी सोबती येशूचा देह उचलून प्रेक्षकांमधून गात नेतात. या उणिवेवर श्वार्ट्झ यांचे उत्तर असे, की नाटकाचा विषय एका समुदायाची निर्मिती हा आहे. नेता गेल्यावर ती माणसे त्याची शिकवण घेऊन पुढे चालू लागतात, यात नाटकाचा अर्थ आहे. म्हणजे येथे उपासनेची चौकट रंगमंचावरच उभारली आहे. चर्चच्या सभागृहांनी आणि ख्रिस्ती शाळांनी हे नाटक सहजपणे आपलेसे केले, कारण त्यातील समुदायात त्यांना स्वतःचे प्रतिबिंब दिसले.

६

चौकटीचा विचार आणखी एका आक्षेपाच्या संदर्भात करावा लागतो. अमेरिकन ज्यूइश कमिटीने १९७१ साली, आणि १९७३ साली नॉर्मन जुइसन यांच्या चित्रपटाच्या वेळी पुन्हा, ‘सुपरस्टार’मधील महायाजकांच्या कृष्णवर्णी चित्रणावर व रक्तपिपासू जमावावर हरकत घेतली. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष समस्त यहुदी लोकांवर लादता येणार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच जाहीर केले होते. त्यामुळे अनेक ख्रिस्ती धर्मवेत्त्यांना ही हरकत टाळता येण्यासारखी नव्हती. रचनाकार संहितेपासून दूर गेले, ही जशी काहींची तक्रार होती, तशीच येथे ते योहानाच्या संहितेच्या फार जवळ राहिले, ही तक्रार होती. चर्चमध्ये प्रवचनकार त्या संहितेचा अर्थ सावधपणे उलगडू शकतो. नाट्यगृहात ती कोणत्याही भाष्यावाचून प्रेक्षकापुढे येते.

७

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. मुंबईत अलेक पदमसी यांनी सत्तरीच्या दशकात ‘सुपरस्टार’चा प्रयोग केला, आणि त्यात यहूदाची भूमिका करणारे गायक नंदू भेंडे हे मराठी रंगभूमीवरील आत्माराम व आशा भेंडे यांचे चिरंजीव होते. पण साम्य याहून खोल आहे. रामनगरच्या रामलीलेत राम-लक्ष्मणांच्या भूमिका करणाऱ्या मुलांना ‘स्वरूप’ म्हणतात, आणि दिवसाची लीला संपली की त्यांची आरती होते. प्रेक्षक उपासकच असल्यामुळे तेथे चौकट प्रयोगापासून निराळी काढता येत नाही. मराठीत तर शुभवर्तमानाला देशी कलाप्रकाराचा वेष चढविण्याचा इतिहास चार शतकांचा आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवी आणि पुराण ही दोन्ही रूपे स्वीकारली, नारायण वामन टिळकांनी अभंग व कीर्तन यांचा अंगीकार केला, आणि त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. या रूपांशी हिंदू उपासनेचे साहचर्य जडलेले होते, तरी त्यांत ख्रिस्तकथा सामावली. पुराण, अभंग, कीर्तन हे सर्व प्रकार मुळातच श्रद्धावान श्रोता गृहीत धरतात, हे त्याचे एक कारण होय. रॉक-संगीतिका तसा श्रोता गृहीत धरीत नाही. वेषांतर दोन्हीकडे झाले, परंतु एकीकडे चौकट वेषासोबतच आली आणि दुसरीकडे ती मागे राहिली.

८

पुढील अर्धशतकात विरोधाची धार बोथट झाली. लंडनच्या पॅलेस नाट्यगृहात ‘सुपरस्टार’ १९७२ पासून १९८० पर्यंत चालले. १ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेतील एनबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने त्याचा प्रयोग थेट प्रसारित केला, त्यात जॉन लेजंड यांनी येशूची भूमिका केली. अखेरीस क्रूसावरचा देह क्रूसाच्याच आकाराच्या प्रकाशझोतात मागे मागे सरत दिसेनासा झाला, आणि अनेक ख्रिस्ती प्रेक्षकांना त्यात पुनरुत्थानाची सूचना दिसली. गीते मुख्यतः तीच होती. परंतु तो दिवस ईस्टरचा रविवार होता. १९७१ मध्ये जी चौकट नव्हती ती या वेळी पंचांगाने पुरविली, आणि त्याच कृतीचा अर्थ पालटला.

यावरून जुने विरोधक संकुचित होते व काळाने त्यांना खोटे ठरविले, असा निर्वाळा देणे अन्यायाचे होईल. रंगभूमी पवित्र कथा सांगू शकते. ती कथा पूर्ण करण्याचे सामर्थ्य मात्र तिच्यापाशी नसते, आणि पूर्तीचा भार ती प्रेक्षकावर टाकते, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती. समर्थकांनी प्रेक्षक हा भार पेलील असा विश्वास ठेवला. विरोधकांनी तो ठेवला नाही. ज्या समाजात शुभवर्तमान घराघरात वाचले जात होते, तेथे समर्थकांचा विश्वास अनाठायी नव्हता. जेथे ते वाचन थांबले, तेथे विरोधकांच्या भीतीला आजही उत्तर द्यावे लागेल. आणि ते उत्तर एखाद्या संगीतिकेच्या सुधारित शेवटाने देता येणार नाही.